हजेरीच्या रकान्यापलीकडे

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटात २०२१ च्या पावसाळ्यात एक वाद झाला. एका सद्गृहस्थांचे म्हणणे होते की आपले खासदार दिल्लीत फिरकतच नाहीत. दुसऱ्यांनी लगेच मोबाइल काढला आणि त्यांच्या हजेरीची टक्केवारी वाचून दाखवली; ती चांगली भरभक्कम होती. पहिले गृहस्थ म्हणाले, "सही करून कॅन्टीनमध्ये बसत असतील." सातपूरच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे हिशेब विभागात काम केले असल्यामुळे अशा वादात दोघेही माझ्याकडे पाहतात. मी म्हणाले, मूळ कागद पाहून सांगते. आठवडाभरात सांगता येईल असे मला तेव्हा वाटले होते. त्यानंतर एक लोकसभा संपली, दुसरी आली आणि माझी तिसरी वही भरत आली आहे.

नाशिकच्या खासदारांचे नाव मी या लेखात घेणार नाही. एक तर दोन लोकसभांमधल्या नोंदी माझ्याकडे आहेत. दुसरे म्हणजे, नाव आले की वाचणारा पक्ष पाहतो आणि कागद पाहायचे सोडून देतो.

सुरुवातीलाच एक घरगुती अडचण उभी राहिली. 'आपले खासदार' म्हणजे नेमके कोणाचे? नाशिक लोकसभा मतदारसंघात शहरातील तीन, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. माझे माहेर निफाड तालुक्यातले. ते दिंडोरी लोकसभेत मोडते. धाकटी नणंद मालेगावला, तिचे मत धुळे लोकसभेत. एकाच जिल्ह्यातल्या एकाच गोतावळ्याला तीन खासदार. कांद्याचा प्रश्न कोणी विचारला हे भावाला हवे असते आणि रेल्वेचा कोणी विचारला हे मला. म्हणून वहीत तीन भाग केले. त्यातला धुळ्याचा भाग नणंदेने फारशी चौकशी न केल्याने पहिल्या वर्षीच थांबला, हे प्रामाणिकपणे सांगते.

पहिला रकाना अर्थातच हजेरीचा. लोकसभेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने गेल्यास अधिवेशनवार किती दिवस सही आहे ते कळते, आणि पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था तेच आकडे राज्याच्या व देशाच्या सरासरीशेजारी मांडून देते. सतराव्या लोकसभेची (२०१९–२४) देशाची सरासरी उपस्थिती ७९ टक्के होती. या रकान्यात करण्यासारखे काही नव्हते. आकडा उतरवून घेतला की काम संपले. पण हिशेबाच्या माणसाला सही म्हणजे काय हे विचारल्याशिवाय राहवत नाही. सही म्हणजे त्या दिवशी सदस्य आला, एवढेच. तो किती वेळ बसला, बोलला की नाही, हे सहीतून कळत नाही. दैनिक भत्ता याच सहीवर मिळतो. मंत्र्यांना मात्र ही सही करावी लागत नाही, त्यामुळे त्यांच्या नावापुढे टक्केवारीच नसते. दिंडोरीच्या तत्कालीन खासदार डॉ. भारती पवार ७ जुलै २०२१ रोजी आरोग्य राज्यमंत्री झाल्या, आणि माझ्या वहीतला त्यांचा भाग तिथून पुढे कोरा राहिला. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. भावाला हे पटवायला मला फोनवर पाऊण तास लागला. त्याच्या मते रकाना कोरा म्हणजे काम शून्य.

निलंबनाचेही तसेच. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ खासदार निलंबित झाले. निलंबित सदस्याला सभागृहात पाऊल टाकता येत नाही, आणि त्या वेळी त्यांच्या नावचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. नुसत्या टक्केवारीत हे दिवस आणि लग्नकार्यासाठी घरी राहिलेले दिवस वेगळे दिसत नाहीत. मी वहीत तारखेपुढे तांबड्या शाईने कारण लिहू लागले ते तेव्हापासून.

उलट बाजूही आहे. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात २१ जुलै ते २१ ऑगस्ट या काळात लोकसभेच्या २१ बैठका झाल्या. बिहारमधील मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणावरून रोज गदारोळ होत होता आणि सभागृह तहकूब होत होते. अध्यक्षांनी शेवटच्या दिवशी सांगितले की १२० तास चर्चा ठरली होती, ती जेमतेम ३७ तास झाली. ४१९ तारांकित प्रश्न यादीत होते, त्यांपैकी ५५ प्रश्नांनाच तोंडी उत्तर मिळाले. ज्या दिवशी सभागृह काही मिनिटांत उठले त्या दिवसाचीही हजेरी पूर्ण एका दिवसाची. मैदानावरचे दोघेही त्या अर्थी बरोबर होते, आणि दोघांचेही पुरते बरोबर नव्हते.

मग मी प्रश्नांकडे वळले आणि खरे काम तेथे सुरू झाले.

प्रश्नांचा आकडा हजेरीपेक्षा अधिक बोलका असेल अशी माझी अपेक्षा होती. सतराव्या लोकसभेत सदस्यामागे सरासरी २१० प्रश्न होते आणि महाराष्ट्राचे खासदार प्रश्नांच्या संख्येत बहुधा पुढेच असतात. परंतु प्रश्न दोन प्रकारचे असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो; अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येते आणि विषय तिथेच मिटतो. दिवसाला तारांकित २० आणि अतारांकित २३० एवढेच प्रश्न यादीत येतात, आणि कोणाचा येणार हे सोडतीने ठरते. सदस्याने दिवसाला पाच प्रश्नांची सूचना दिली तरी त्याच्या नावावर एका दिवशी एकच तारांकित प्रश्न लागू शकतो. शिवाय यादीत २० असले तरी अकरा ते बारा या एका तासात शांततेच्या दिवशीही त्यातले थोडेच होतात. उरलेल्यांची उत्तरे सभापटलावर ठेवली जातात, म्हणजे पुरवणी प्रश्नाची संधी गेली. म्हणून मी तारांकितसाठी वेगळे पान केले आणि त्यात 'यादीत आला' व 'प्रत्यक्ष विचारला गेला' असे दोन उपरकाने पाडले. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा किती रोडावतो हे पाहून माझे मलाच वाईट वाटले.

पहिल्या वर्षी माझी मोठी चूक झाली ती मोजणीत. एकाच उत्तराची फाइल मी दोनदा, कधी तीनदा मोजली होती. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र जोडले जातात आणि एका प्रश्नाखाली चार-पाच सदस्यांची नावे येतात. भाच्याने संगणकावर यादी करून दिली होती, त्यात नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही भागांत तोच प्रश्न क्रमांक होता आणि मी बेरीज करून मोकळी झाले होते. कारखान्यात अशी चूक माझ्या हाताखालच्या मुलाने केली असती तर मी त्याला उभे केले असते. वहीचा पहिला भाग त्यामुळे पुन्हा लिहावा लागला. त्यात आणखी एक त्रास असा की जुन्या हिंदी उत्तरांच्या फायलींतून मजकूर उचलला की अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हे उमटत. भाचा म्हणाला, जुना फॉन्ट आहे. मग मी सरळ छापून घेऊन हातानेच सारांश लिहायला लागले. झेरॉक्सवाल्याने एकदा विचारले, "ताई, कोर्टात केस आहे का?"

छापील कागद हातात आल्यावर मात्र वाचनाला गती आली. उत्तराचा साचा ठरलेला असतो. वर मंत्रालय, प्रश्न क्रमांक आणि दिनांक. मग प्रश्नाचे (क), (ख), (ग), (घ) असे भाग. खाली मंत्र्यांचे नाव आणि पुष्कळदा '(क) ते (घ) :' असे सगळ्यांना मिळून एकच उत्तर. सदस्याने चार वेगवेगळ्या गोष्टी विचारलेल्या असतात आणि उत्तर योजनेच्या माहितीपत्रकासारखे पसरत जाते. शेवटच्या (घ) भागात 'नसल्यास, कारणे काय' असे विचारलेले असते आणि त्या कारणाचा उत्तरात पत्ता नसतो. मी पेन्सिलीने प्रत्येक उपप्रश्नापुढे बरोबर किंवा फुली करू लागले. हे माझे खास आवडते काम झाले आहे.

नाशिक–पुणे रेल्वेचे उदाहरण सांगते, कारण त्यात उत्तर टाळलेले नव्हते. रेल्वेचा वार लोकसभेत बुधवार, त्यामुळे बुधवारचे कागद मी आधी काढते. सुमारे २३५ किलोमीटरच्या या निमद्रुतगती मार्गाविषयी एकाहून अधिक खासदारांनी वेगवेगळ्या अधिवेशनांत विचारले आहे. अगोदर 'प्रस्ताव तपासला जात आहे' या धर्तीचे उत्तर येत असे. पुढे सरकारने कारण दिले : मूळ मार्ग नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या परिसरातून जातो. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे त्यांच्या निरीक्षणात अडथळा येईल. म्हणून शिर्डीकडून जाणारा पर्याय पुढे आला. सिन्नर, संगमनेर, जुन्नर भागातील लोकांना तो मान्य नाही आणि मूळ मार्गाची मागणी चालूच आहे. मला यात लक्षात राहिले ते हे की पहिल्या आणि नंतरच्या उत्तरांमध्ये जो फरक पडला तो एका प्रश्नाने पडला नाही. तोच विषय पुन्हा पुन्हा, थोडा वेगळा करून विचारल्यावर पडला. आकड्यात ते पाच-सहा प्रश्न इतर शेकडो प्रश्नांत मिसळून गेलेले असतात. वहीत मी ते धाग्याने बांधल्यासारखे एकाखाली एक लिहिले आहेत.

कांद्याचा धागा याहून गुंतागुंतीचा. भावासाठी मी तो लावायला घेतला तेव्हा कळले की कांदा एकाच मंत्रालयाकडे नाही. लागवड आणि उत्पादन कृषी मंत्रालयाकडे, बफर साठा आणि किरकोळ भाव ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे, निर्यातीचे धोरण वाणिज्य मंत्रालयाकडे आणि निर्यात शुल्काची अधिसूचना वित्त मंत्रालयाची. शेतकऱ्याचे नुकसान किती झाले असे एका मंत्रालयाला विचारले तर ते आपल्या वाटणीचे सांगते आणि बाकीच्याविषयी गप्प राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क आले, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ रोजी ती उठली पण किमान निर्यात मूल्य आणि शुल्क राहिले, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. निर्यातबंदी आली तेव्हा हिवाळी अधिवेशन चालू होते आणि इकडे जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते. भावाने त्याच संध्याकाळी फोन करून विचारले, "आज संसदेत कोणी बोलले का?"

या प्रश्नामुळे मला शून्य प्रहर समजून घ्यावा लागला. नेहमीच्या प्रश्नाची सूचना किमान पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. आज सकाळी घडलेली गोष्ट त्यात बसत नाही. त्यासाठी सदस्याने त्याच सकाळी सूचना देऊन बारानंतरच्या शून्य प्रहरात बोलायचे असते, तेही सोडतीत नाव आले तर. तिसरी वाट नियम ३७७ ची. त्यात अडीचशे शब्दांपर्यंतचे निवेदन असते आणि पुष्कळदा ते वाचलेही जात नाही, नुसते सभापटलावर ठेवले जाते. पीआरएसच्या 'वादविवाद' या आकड्यात विधेयकावर वीस मिनिटे केलेले भाषण आणि हे पटलावर ठेवलेले निवेदन दोन्ही एक-एकच मोजले जातात. मी त्यामुळे वादविवादाचे तीन तुकडे केले आणि मोठ्या भाषणांचे कार्यवृत्त मिळवून वाचू लागले. त्यात एक गंमत आढळली. सदस्य मराठीत बोलला असेल तर कार्यवृत्तात पुष्कळदा त्याचे इंग्रजी भाषांतर छापलेले असते आणि मूळ भाषण मराठीत होते अशी तळटीप असते. मूळ मराठी ऐकायचे तर चित्रफीत शोधावी लागते. मी एकदा दोन्ही ताडून पाहिले. 'पोटतिडकीने' या शब्दाचा भाषांतरात मागमूस नव्हता.

मतदानाचा रकाना मी मोठ्या उत्साहाने आखला आणि जवळजवळ रिकामाच सोडला. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि त्यात कोण काय म्हणाले याची नोंद नसते. मतविभागणी मागितली तरच नावे मिळतात. वक्फ दुरुस्ती विधेयकावर एप्रिल २०२५ मध्ये मध्यरात्रीनंतर २८८ विरुद्ध २३२ असे मतदान झाले, तशी. त्यातही पक्षादेश असला की १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सदस्याला वेगळे मत देण्याची सोय जवळजवळ उरत नाही. त्या रकान्यातून पक्षाची भूमिका कळते, खासदाराची नाही. अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या, विधेयकांचे पान तर फक्त कुतूहलापोटी ठेवले आहे. आजवर अशी चौदाच विधेयके कायदा झाली, त्यातले शेवटचे १९७० मध्ये.

ज्या ठिकाणी काहीतरी सापडेल असे मला वाटले नव्हते तिथे बरेच सापडले. मंत्रालयांच्या कामाची छाननी करणाऱ्या २४ विभागीय स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य. त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, म्हणून मी त्या सोडून दिल्या होत्या. पुढे एका अहवालाची शेवटची पाने उलटताना बैठकीचे इतिवृत्त दिसले आणि त्यात उपस्थित सदस्यांची नावे. सभागृहात रोज सही असणारा माणूस समितीच्या बैठकीत असतोच असे नाही, आणि याच्या उलटही घडते. हा रकाना मी सर्वांत उशिरा उघडला आणि आता सर्वांत आधी भरते.

दुसरी जागा आश्वासनांची. 'माहिती गोळा केली जात असून ती सभापटलावर ठेवली जाईल' असे उत्तर आले की ते आश्वासन ठरते, ते तीन महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते आणि त्यावर देखरेख ठेवणारी सरकारी आश्वासन समिती आहे. पूर्वी असे उत्तर आले की मी फुली मारून पुढे जात असे. आता तारीख घालून वेगळ्या पानावर घेते. तीन महिने उलटून गेलेल्या काही नोंदी तिथे आहेत. त्या पुऱ्या झाल्या की नाही हे पाहण्याचे काम खासदाराचेही आहे, पण कोणत्याही टक्केवारीत ते मोजले जात नाही.

इतके झाल्यावर आपणही एक प्रश्न सुचवून पाहावा असे वाटले. आमच्या घरामागचा नाला पावसाळ्याबाहेरही काळे पाणी घेऊन गोदावरीला मिळतो. मी चार पानी पत्र लिहून खासदारांच्या संपर्क कार्यालयात नेऊन दिले. तेथील सहायकाने ते शांतपणे वाचले आणि तीन चुका दाखवल्या. प्रश्न साधारण दीडशे शब्दांत बसावा लागतो. नाला महापालिकेचा, त्यामुळे केंद्रीय मंत्र्यांना त्याविषयी थेट विचारता येत नाही. केंद्राचा निधी कुठे गुंतला आहे ते धरून विचारायला हवे. आणि अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यासाठी सूचनेची मुदत चार दिवसांपूर्वीच संपली होती. मी वर्षभर 'पूर्ण पंधरा दिवस' वहीत लिहीत होते आणि स्वतःच्या पत्राला मात्र तो नियम लावला नव्हता.

पुढच्या वेळी मी जलशक्ती मंत्रालयासाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतील निधी धरून एकशे बारा शब्दांचा मजकूर तयार केला आणि मुदतीच्या आठवडाभर आधी दिला. तो त्या अधिवेशनात यादीत आला नाही. त्यानंतरच्या अधिवेशनात एका गुरुवारी अतारांकितच्या यादीत गोदावरीचा प्रश्न दिसला, नावे चार, त्यातले एक आमचे. (क) भाग जवळजवळ माझ्याच शब्दांत होता. (ग) बदललेला होता, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा नेमका होता. उत्तर आले त्यात म्हटले होते की नद्यांची स्वच्छता ही अखंड चालणारी प्रक्रिया आहे आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते सोडण्याची जबाबदारी राज्य सरकार व स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. पुढे योजनेची माहिती दीड पान.

मी नेहमीप्रमाणे पेन्सिल घेतली. (क) ला बरोबर, (ख) ला बरोबर, (ग) आणि (घ) ला फुली. 'माहिती गोळा केली जात आहे' असे वाक्य कुठे नव्हते, म्हणून आश्वासनाच्या पानावर नोंद केली नाही. मैदानावरच्या गटाला कागद दाखवला तेव्हा टक्केवारीवाले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे फिरून महापालिकाच." मी त्या सोमवारी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज दिला, सोबत लोकसभेतील उत्तराची प्रत जोडली आणि पोच घेऊन वहीत त्याच पानाला टाचली.